‘करून राहिलो होतो’ आणि इंग्रजीचा चालू भूतकाळ

इतवारीची_ताई

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमच्या घरी संध्याकाळी सहा ते आठ गल्लीतली सात-आठ मुलं इंग्रजीला बसतात. सातवी ते नववीची, बहुतेक सेमी इंग्लिशची. मी व्यवसायाने शिक्षिका नाही, पण गेली सहा वर्षं हे काम मनापासून करतेय आणि आता एका जागी अडलेय.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघाली. त्यावर शाळेने इंग्रजीत पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. आठवीतल्या एका मुलीने लिहिलेलं जसंच्या तसं देते. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहिते, म्हणजे इथल्या आई-आजींनाही वाचता येतील.

‘येस्टर्डे वी वेअर सीइंग द मारबत. आय वॉज हॅविंग अ न्यू ड्रेस. माय ग्रँडमदर हॅड सॅट ऑन द ओटा. आय वॉज नोइंग दॅट द क्राउड वुड बी बिग. इन चाइल्डहुड आय वॉज गोइंग देअर ऑन माय फादर्स शोल्डर्स.’

पाच ओळी, पाचही लाल शाईत गोल होऊन परत आल्या. शेरा एकच: ‘टेन्स चुकला’. मुलगी रडवेली झाली, कारण तिला नियम तोंडपाठ आहे. आय, ही, शी, इट आणि एकवचनी नामाला ‘वॉज’. यू, वी, दे आणि अनेकवचनाला ‘वेअर’. पुढे क्रियापदाला आयएनजी. नकारात ‘नॉट’ मध्ये, प्रश्नात ‘वॉज-वेअर’ आधी. ‘यू’ एकट्याला उद्देशून असला तरी ‘वेअर’च, हेसुद्धा ती झोपेत सांगेल. काळ तयार करण्यात तिची एकही चूक नाही. मराठीत ‘-त होतो’ आलं की इंग्रजीत ‘वॉज’ आणि आयएनजी लावायचं, एवढंच तिला शिकवलं गेलंय, आणि खरं सांगायचं तर मीही तेच शिकवत आलेय.

तर हा काळ कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे आठवीच्या मुलाला पटेल असं कसं सांगावं?

निवृत्त_मास्तर

ताई, काळ तयार करण्यात पोरगी चुकत नाही म्हणता, पण स्पेलिंगकडे बघा हो. माझ्या चाळीस वर्षांत निम्मे गुण तिथेच गेले. शेवटचा मुका ‘ई’ जातो: मेक, मेकिंग. पण ‘सी’चे दोन ‘ई’ राहतात: सीइंग. ‘लाय’, ‘डाय’, ‘टाय’ यांच्या शेवटच्या ‘आयई’चा ‘वाय’ होतो. ‘रन’, ‘सिट’, ‘स्विम’ यांचं शेवटचं अक्षर दुप्पट. दोन उच्चारखंडांच्या शब्दात उच्चाराचा जोर शेवटच्या खंडावर असेल तरच दुप्पट, म्हणून ‘बिगिनिंग’मध्ये दोन ‘एन’ आणि ‘ओपनिंग’मध्ये एकच. ‘ट्रॅव्हलिंग’ला ब्रिटिश दोन ‘एल’ लिहितात, अमेरिकन एक. आपल्या शाळांत दोन.

वापराबद्दल म्हणाल तर स्थितिवाचक क्रियापदांची यादी पाठ करून घ्या: नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, लाइक, वॉन्ट, नीड, बिलाँग, ओन, सीम. यांना आयएनजी लावायचं नाही. विषय संपला.

इतवारीची_ताई

सर, स्पेलिंगचं पटलं, वहीत उतरवून घेतलं. पण यादी मी दोनदा पाठ करून घेतलीय. चाचणीत येते, निबंधात येत नाही. लिहिताना मूल मराठीत विचार करतं, यादीत नाही. मला असं काही हवंय जे त्याच्या मराठीतच सापडेल.

वऱ्हाडी_माणूस

ताई, तुमच्या घरातच हाय ते. पोट्टे खेळताना कसे बोलतात ते आयका फक्त.

आपल्या इकडे दोन गोष्टी येगळ्या हायेत. ‘मी काल दुपारी जेवून राहिलो होतो, तेवढ्यात तुमचा फोन आला.’ आन् ‘मी लहानपणी मामाकडे जेवत होतो.’ पहिल्यात घास हातात हाय. दुसऱ्यात सवय हाय. पुस्तकातल्या मराठीत दोन्हीले ‘जेवत होतो’ चालते, म्हणून पोट्टा फसते. आपल्या नागपुरी बोलीत ‘लहानपणी मामाकडे जेवून राहिलो होतो’ असं कोणी म्हणेन का? नाही म्हणणार. कानालेच खटकते.

मंग नियम सोपा हाय. वाक्य ‘करून राहिलो होतो’मध्ये बसलं, तर ‘वॉज’ आन् आयएनजी. नाही बसलं, तर थांबायचं. ‘लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून मारबत पाहाले जाऊन राहिलो होतो’ बसत नाही. म्हणून ‘यूज्ड टू गो’. ‘मले माहीत होऊन राहिलं होतं’ बसत नाही. म्हणून नुसतं ‘न्यू’.

शाळेत असताना ‘काय करून राहिला बे’ म्हटलं म्हणून मी छड्या खाल्ल्या हायेत. शुद्ध बोल म्हणायचे. मले आजही त्याचं वाईट वाटते. जे भाषेत बारीक होतं, तेच आमच्याकडून काढून घेतलं.

सीताबर्डी_४४००१२

वऱ्हाडी भाऊ, अंगावर काटा आला वाचून. माझ्या आजीने आयुष्यभर ‘येऊन राहिली’ म्हटलं आणि आम्ही नातवंडं तिला सुधारत बसायचो.

ही सोय आपल्याकडे आली कुठून, याचा अंदाज करता येतो. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मध्य प्रदेशचीही. कचेरीत, बाजारात मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी. हिंदीत ‘मैं जाता था’ वेगळं आणि ‘मैं जा रहा था’ वेगळं. ‘जाऊन राहिलो होतो’चा सांगाडा त्या दुसऱ्याशी तंतोतंत जुळतो.

पुण्याहून_आलेली

मी लग्नानंतर नागपुरात आले, तीन वर्षं झाली. कसोटी सुरेख आहे, पण माझ्या भाच्यांना ती कशी सांगू? त्यांच्या कानाला ‘जेवून राहिलो होतो’ ओळखीचंच नाही. आणि एक शंका. इथे लोक ‘मले समजून नाही राहिलं होतं’ असं सर्रास म्हणतात, ‘मले वाटून राहिलं होतं’ म्हणतात. तुमच्या कसोटीने ते ‘आय वॉज नॉट अंडरस्टँडिंग’ होईल. ते तर चूक ना?

वऱ्हाडी_माणूस

हाव जी, बरोबर पकडलं तुम्ही. हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं. ‘दिसून राहिलं होतं’, ‘आठवून नाही राहिलं’ हेही म्हणतो आपण. मंग कसोटी तिथं गळते.

भाच्यांचं मात्र होईन. त्यांले हिंदीत म्हणून पाहाले लावा. ‘खा रहा था’ का ‘खाता था’. टीव्ही पाहून हिंदी येतेच सगळ्यांले. नाहीतर ‘जायचो’ लावून पाहा. ‘पोहायला जात होतो’च्या जागी ‘पोहायला जायचो’ म्हटलं आन् अर्थ बदलला नाही, तर ती सवय. तिथं ‘यूज्ड टू’.

इतवारीची_ताई

मी काल रात्री जागून वही घेऊन बसले. जिथे कसोटी गळते ती सगळी वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि एक गोष्ट डोळ्यांसमोर आली.

मला समजत नव्हतं. मला वाटत होतं. मला दिसत होतं. मला आठवत होतं. मला आवडत होतं. मला माहीत होतं. मला हवं होतं. मला ऐकू येत होतं.

सगळ्यांत ‘मी’ नाही, ‘मला’ आहे! मराठी स्वतःच सांगतेय की इथे मी काही करत नाहीये, मला काहीतरी होतंय. आणि इंग्रजीत नेमक्या याच क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही: अंडरस्टँड, थिंक, सी, रिमेंबर, लाइक, नो, वॉन्ट, हिअर. मास्तरांची यादी ती हीच, फक्त ती मुलाच्या तोंडात आधीपासून आहे.

आणखी पुढे जाऊन पाहिलं. ‘मला मारबत दिसली’ म्हणजे ‘सॉ’. ‘मी मारबत पाहत होते’ म्हणजे ‘वॉज वॉचिंग’. ‘मला गाणं ऐकू आलं’ म्हणजे ‘हर्ड’. ‘मी गाणं ऐकत होते’ म्हणजे ‘वॉज लिसनिंग’. ‘मला वाटलं’ म्हणजे ‘थॉट’, पण ‘मी विचार करत होते’ म्हणजे ‘वॉज थिंकिंग’. सी आणि वॉच, हिअर आणि लिसन यांतला फरक मी इतकी वर्षं समजावतेय, आणि तो मुलांना बालवाडीत असल्यापासून येतोय.

तेव्हा चाळण्या दोन. आधी बघायचं, वाक्यात ‘मला’ आहे का. असेल तर थांब, बहुधा साधा भूतकाळ. नसेल तर ‘करून राहिलो होतो’मध्ये बसतं का ते बघ.

निवृत्त_मास्तर

ताई, हे मला कोणी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. ‘मला हवं होतं’, इथेसुद्धा ‘मला’ आलाच बघा.

पण मुलांना ‘बहुधा’ हा शब्द नक्की सांगा. ‘मला घाम येत होता’ हे ‘आय वॉज स्वेटिंग’ आहे. ‘मला चक्कर येत होती’ हे ‘आय वॉज फीलिंग डिझी’. शरीरात चाललेल्या गोष्टींना आयएनजी चालतो.

परिचारिका_१९

मी नर्स आहे. ‘मला’ वाचलं आणि माझ्या रोजच्या कामातलं वाक्य आठवलं. आमच्याकडे केस पेपरवर सर्रास ‘पेशंट वॉज हॅविंग फीव्हर फॉर टू डेज’ लिहिलेलं असतं. मीही तसंच लिहिते, सीनियर सिस्टरही. परदेशात नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय, तिथल्या मॅडमनी हे वाक्य कापून ‘हॅड अ फीव्हर’ केलं. ‘तिला ताप होता’ असं आपण म्हणतो, म्हणजे ‘मला’च्या घरातलंच झालं. मग ‘वॉज हॅविंग’ कधीच नाही का?

सीताबर्डी_४४००१२

सिस्टर, ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं किंवा आजार असणं, तेव्हा ‘हॅड’. माझ्याकडे दोन गाड्या होत्या: ‘आय हॅड टू बाइक्स’. पण ‘हॅव’चा अर्थ खाणं, पिणं, अनुभवणं असा झाला की आयएनजी लागतो. ‘वी वेअर हॅविंग तर्री पोहा’ अगदी बरोबर, कारण तिथे आपण खाऊन राहिलो होतो. ताईंच्या चाळणीला ‘मला’सोबत ‘माझ्याकडे’ही जोडा.

भारतात ‘वॉज हॅविंग’ इतकं रुळलंय की इथे सगळ्यांना कळतं. पेशंटचं त्याने काही अडत नाही. परीक्षेत मात्र ‘हॅड’ लिहा. मनापासून शुभेच्छा.

इतवारीची_ताई

एक वाक्य अजून उरलंय आणि तिथे आपल्या दोन्ही चाळण्या हात टेकतात. ‘आजी ओट्यावर बसली होती.’ ‘-त होती’ नाहीच, मग मुलीने ‘हॅड सॅट’ केलं तर तिचं काय चुकलं? आणि इंग्रजी म्हणतं ‘वॉज सिटिंग’.

दीक्षाभूमी_रस्ता

ताई, यावर मी बोलतो, कारण हे वाक्य आमच्या घरात रोजचं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा त्या मैदानात होते. तेव्हा ते तरुण होते, खेड्यावरून चालत आले होते. ते सांगायचे, ‘आम्ही उभे होतो. बाबासाहेब बोलत होते.’ दिल्लीच्या एका पाहुण्यांना मी हे इंग्रजीत सांगायला गेलो आणि अडलो. ‘उभे होतो’चं करायचं काय? ‘बोलत होते’ सोपं, पण ‘वी हॅड स्टुड’ म्हटलं तर उभं राहून झालं, संपलं, असं होतं. ते तर उभेच होते ना अजून, त्या क्षणाला! ‘वी वेअर स्टँडिंग.’

तेव्हापासून मी असं धरलंय. मराठी बसणं, उठणं, झोपणं, उभं राहणं याची क्रिया एका क्षणात संपवते. बसला, झाली क्रिया पूर्ण. पुढचा सगळा वेळ तो ‘बसलेला’ असतो. इंग्रजीत ‘सिट’ हा शब्दच त्या पुढच्या सगळ्या वेळेला पुरतो, म्हणून ती क्रिया चालू आहे असं धरतात. झोपला होता: वॉज स्लीपिंग. भिंतीला टेकला होता: वॉज लीनिंग. छत्री धरली होती: वॉज होल्डिंग. पिवळी साडी नेसली होती: वॉज वेअरिंग. ‘साडी नेसून राहिली होती’ म्हटलं तर ती आरशापुढे निऱ्या काढतेय, त्याला इंग्रजी वेगळं, ‘वॉज पुटिंग ऑन’.

पण हे माणसांचं, थोड्या वेळापुरतं. झाड, देऊळ, पुतळा कायम एका जागी असतं, त्याला साधा भूतकाळ: ‘अ निंब ट्री स्टुड निअर द गेट’. शून्य मैलाचा दगड ‘वॉज स्टँडिंग’ म्हटलं तर तो नंतर उठून गेला की काय असं वाटेल.

पुण्याहून_आलेली

दादा, आजोबांचं वाक्य मी भाच्यांना सांगणार आहे. ‘उभे होतो’ इतकं स्पष्ट कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

अजनी_प्रवासी

मी रेल्वेने रोज जा-ये करणारा माणूस, माझं उदाहरण स्टेशनचं. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन’ एवढं ठेवा आणि पुढे तीन शेपट्या लावा.

‘द ट्रेन वॉज लीव्हिंग’: गाडी सुटत होती, हलली होती, पळालो असतो तर मिळाली असती. ‘द ट्रेन लेफ्ट’: मी पोचलो आणि मग ती सुटली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’: मी पोचायच्या आधीच गेली, फलाट रिकामा. तिघांत माझं नशीब वेगळं आहे. माझ्या मुलाला मी हे फलाटावर उभं करून शिकवलं, पुन्हा विचारावं लागलं नाही.

लांब चाललेली गोष्ट आयएनजीत, तिला मध्येच तोडणारी छोटी गोष्ट साध्या भूतकाळात. ‘व्हाइल’ सहसा लांबीच्या बाजूला बसतो: ‘व्हाइल आय वॉज वेटिंग, द फोन रँग’. दोन्ही लांब असतील तर दोन्हीकडे आयएनजी.

आणि ‘पासून’ ऐकलं की सावध. ‘मी सकाळपासून वाट पाहत होतो’ हे ‘वॉज वेटिंग सिन्स मॉर्निंग’ नाही, ‘हॅड बीन वेटिंग’ आहे. आपल्याकडच्या दहापैकी नऊ जणांचं इथे चुकतं असा माझा अनुभव. किती वेळा ते मोजून सांगितलं तरी साधा भूतकाळ: ‘आय कॉल्ड यू थ्री टाइम्स’.

परिचारिका_१९

आमच्या मॅडमनी सांगितलेलं एक मला फार आवडलं, ते इथे देते. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’. विचार आत्ताच करतेय, तरी भूतकाळ. असं का, म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही मराठीत काय म्हणता? ‘सर, जरा एक काम होतं तुमच्याकडे.’ काम आत्ताच आहे, तरी ‘होतं’! समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी म्हणून आपण एक पाऊल मागे सरकतो. दोन्ही भाषांची रीत सारखी निघाली.

सीताबर्डी_४४००१२

वा सिस्टर. ‘मी तुम्हाला फोन करणारच होतो’ हे ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’, तेही त्याच शेजारचं.

कर्मणीबद्दल थोडं, कारण नववीला लागतं. मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. त्याआधीची वर्षं आठवा, वर्धा रोडवर खांब उभारले जात होते: ‘द पिलर्स वेअर बीइंग बिल्ट’. मधला ‘बीइंग’ मुलं विसरतात. गंमत अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत हे रूप रुळलेलंच नव्हतं. ‘द हाउस वॉज बिल्डिंग’ म्हणायचे, म्हणजे घर बांधलं जात होतं. ‘वॉज बीइंग बिल्ट’ नवं आलं तेव्हा तिकडच्या शुद्धतावाद्यांनी एकोणिसाव्या शतकात त्यावर भरपूर टीका केली. आज तेच शुद्ध. वऱ्हाडी भाऊ, तुमच्या छड्या आठवल्या, म्हणून लिहिलं.

वऱ्हाडी_माणूस

बरं केलं लिहिलं. मनाले लागलं.

निवृत्त_मास्तर

वऱ्हाडी भाऊ, तुम्हाला मारलेल्या छड्यांत माझ्यासारख्यांच्याही असतील. मीही वर्गात ‘राहिलो’ म्हणणाऱ्याला थांबवायचो. मुलाचं भलं व्हावं म्हणूनच करायचो, पण चुकलंच ते.

बोर्डाच्या पेपरात लेखी मराठी प्रमाणच लागेल, तिथे मी मागे येणार नाही. पण इंग्रजीच्या तासाला मूल ‘करून राहिलो होतो’ म्हणालं, तर आता फळ्यावर लिहून घेईन. आमच्या नातवाची शिकवणी माझ्याकडेच आहे, सोमवारपासून सुरुवात.

वऱ्हाडी_माणूस

सर, पाया पडतो. तुम्ही लिहिलं हेच लय झालं जी.

इतवारीची_ताई

काल मुलांना बसवलं. आधी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, मी दारात आले तेव्हा तुम्ही काय करून राहिले होते? एकदम सगळे बोलायला लागले. इंग्रजीच्या तासाला ही मुलं अशी एकदम कधी बोलली नव्हती. मग ‘मला’, ‘माझ्याकडे’, मग बसला-उभा-झोपला-नेसली. दीक्षाभूमीचं वाक्य सांगितलं तेव्हा सगळे शांत झाले होते.

ज्या मुलीचा निबंध होता, तिने घरी जाऊन तो पुन्हा लिहिला. आज सकाळी शाळेत जाताना वही देऊन गेली. मी एकही अक्षर बदललेलं नाही:

‘येस्टर्डे वी वॉच्ड द मारबत. आय वॉज वेअरिंग अ न्यू ड्रेस. माय ग्रँडमदर वॉज सिटिंग ऑन द ओटा. आय न्यू दॅट द क्राउड वुड बी बिग. व्हेन आय वॉज लिटल, आय यूज्ड टू गो देअर ऑन माय फादर्स शोल्डर्स.’

त्याखाली तिने स्वतःहून सहावी ओळ घातलीय, जी पहिल्या निबंधात नव्हती:

‘पीपल वेअर शाउटिंग, अँड माय ग्रँडमदर वॉज टेलिंग मी समथिंग, बट आय कुडन्ट हिअर हर.’

शेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: ‘मला ऐकू येत नव्हतं. मला आहे.’